एकच डॉकरफाइल, दोन इमेजी: कंटेनरमधल्या ॲप्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी कंपनी. डेव्हलपमेंटला दहा-बारा जण. ग्राहक म्हणजे जिल्ह्या-तालुक्यातल्या पतसंस्था. ठेवी, कर्जं, पिग्मी, वसुली असा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, पण घटनांचा क्रम घडला तसाच ठेवला आहे. मी त्या टीममध्ये होतो आणि ज्या डॉकरफाइलने, म्हणजे इमेज (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलीने, हा सगळा घोळ घातला ती मीच लिहिली होती, हे आधीच सांगून टाकतो.

सॉफ्टवेअर पायथनचं. बेस इमेज, जिच्यावर बाकी सगळं चढतं ती, डेबियन १२ या लिनक्सची, म्हणजे 'बुकवर्म'ची स्लिम (छाटून हलकी केलेली) आवृत्ती. तिच्यावर ॲप्टने (डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन) वीस-बावीस पॅकेजं बसवायची, मग पिपने पायथनची पॅकेजं, मग आमचा कोड. ॲप्टच्या यादीतलं सगळ्यात जड पॅकेज लिब्रेऑफिस. पावत्या, खातेउतारे, थकबाकीच्या नोटिसा मराठीत छापायच्या असतात. त्या दस्तऐवजांचं पीडीएफ करायला लिब्रेऑफिस कंटेनरमध्ये, म्हणजे चालू केलेल्या इमेजमध्ये, पडद्याविना चालायचं.

बिल्डसाठी, म्हणजे इमेज बनवण्यासाठी, ऑफिसातच दोन रनर (ते काम करणारी मशीनं) होते. एकाला आम्ही थोरला म्हणायचो, दुसऱ्याला धाकटा. धाकट्याची डिस्क लहान. ती भरून बिल्ड पडायला लागले तेव्हा कोणीतरी त्यावर दर रविवारी रात्री डॉकरची सगळी कॅश (आधीच्या बिल्डमधलं पुन्हा वापरायला जपून ठेवलेलं काम) साफ करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावला. थोरल्याची डिस्क ऐसपैस, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. सगळं रामायण या फरकातून झालं.

अडचण

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. महिन्याभरापूर्वी रुजू झालेल्या एका मुलीने पीडीएफचं पहिलं पान चित्र म्हणून दाखवायची सोय केली. त्यासाठी तिने डॉकरफाइलमधल्या ॲप्टच्या यादीत 'पॉपलर-यूटिल्स' हे एक नाव वाढवलं. एका ओळीचा बदल. पाइपलाइन (बदल आला की आपोआप होणारं बिल्ड आणि चाचण्या) लाल, म्हणजे नापास.

लॉगमध्ये ४०४. एका डेब फाइलचा (डेबियनच्या पॅकेजची फाइल) पत्ता आणि पुढे 'नॉट फाउंड'. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "नेट बघा रे कोणीतरी." दुसरी: "मिरर गंडला असेल, रीरन मार." (मिरर म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या भांडाराची प्रत ठेवणारा सर्व्हर.) तिने रीरन मारला आणि बिल्ड हिरवा झाला. पुढच्या कमिटला पुन्हा लाल. पुन्हा रीरन, या वेळी दोनदा. संध्याकाळपर्यंत 'रीरन मारला की होतं' हा टीमचा अधिकृत उपाय ठरून गेला होता.

ती मात्र लॉग शेवटपर्यंत वाचत होती. ४०४ च्या खाली ॲप्ट आणखी एक ओळ छापतो. काही फाइली आणता आल्या नाहीत, ॲप्ट-गेट अपडेट (भांडारात काय आहे त्याची ताजी अनुक्रमणिका आणणारी आज्ञा) चालवून बघा, अशा अर्थाची. "दादा, हे स्वतःच सांगतंय अपडेट चालवा म्हणून. आपण चालवतो ना?" मी म्हणालो, चालवतो की, डॉकरफाइलमध्ये पहिलीच ओळ आहे ती. तिने लॉग वर सरकवून दाखवला. अपडेटची ओळ होती, पण तिच्यापुढे 'कॅश्ड' असं लिहिलेलं. म्हणजे त्या दिवशी अपडेट चाललंच नव्हतं.

डॉकरफाइल अशी होती: एका 'रन' ओळीत ॲप्ट-गेट अपडेट, पुढच्या 'रन' ओळीत ॲप्ट-गेट इन्स्टॉल आणि यादी. 'रन'च्या ओळीतून बनलेला इमेजचा थर, म्हणजे लेअर, पुन्हा वापरायचा की नाही हे डॉकर दोनच गोष्टींवरून ठरवतो, आधीचा लेअर तोच आहे का आणि आज्ञेचा मजकूर तोच आहे का. बाहेर डेबियनच्या भांडारात काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अपडेटच्या ओळीत अक्षरही बदललं नव्हतं, म्हणून थोरल्याने जानेवारीतला लेअर काढून दिला. इन्स्टॉलच्या ओळीत नवं नाव आलं होतं, म्हणून ती खरोखर चालली. जानेवारीची अनुक्रमणिका हातात धरून ती फेब्रुवारीच्या भांडारात गेली.

मधल्या काळात, १० फेब्रुवारीला, डेबियन १२.५ आली होती. अशा दुरुस्ती आवृत्तीत बऱ्याच पॅकेजांच्या फाइली बदलतात आणि ज्यांना कोणतीच चालू यादी बोट दाखवत नाही त्या जुन्या फाइली भांडारातून जातात. सुरक्षा दुरुस्त्यांचंही तेच, फक्त त्यांना ठरलेला दिवस नसतो. थोरल्याच्या अनुक्रमणिकेत ज्या फाइलींची नावं होती त्यातल्या काही आता जगातल्या कोणत्याच चालू मिररवर नव्हत्या. धाकट्याची कॅश ११ तारखेच्या रविवारी रात्री पुसली गेली होती. त्याने सोमवारी नवी अनुक्रमणिका आणली, म्हणून तो हिरवा. रीरन म्हणजे फक्त काम धाकट्याकडे जाईपर्यंत फासे टाकत राहणं.

कळल्यावर हसू आलं. मग पुढचा प्रश्न सुचला आणि हसू गेलं. लाल झालेला बिल्ड निदान दिसतो तरी. जे बिल्ड हिरवे झाले त्यांचं काय? दोन्ही रनरवरून एकाच कमिटच्या आधीच्या इमेजी काढल्या, दोन्हीत डीपीकेजीची (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारं साधन) यादी छापली आणि शेजारी शेजारी लावली. डझनभर पॅकेजांच्या आवृत्त्या वेगळ्या. ग्राहकाकडे कोणती इमेज गेली, हे त्या दिवशी कोणता रनर मोकळा होता यावर ठरलं होतं. आणि 'आपण प्रत्येक बिल्डला अपडेट करतो, सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येतात' हे आम्ही ग्राहकांना ज्या आत्मविश्वासाने सांगायचो, ते थोरल्यापुरतं तीन-चार आठवडे साफ खोटं होतं.

पर्याय

तातडीचा उपाय पाच मिनिटांचा. अपडेट आणि इन्स्टॉल एकाच 'रन'मध्ये, 'आणि' चिन्हाने जोडून. म्हणजे यादी बदलली की अनुक्रमणिकाही नव्याने येते. हे डॉकरच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं. दोन ओळी वेगळ्या ठेवल्या तर फाइल नीट दिसते, एवढंच माझं कारण. त्याच संध्याकाळी ते केलं आणि ४०४ गेला.

पण दोन रनर दोन इमेजी बनवतात ही मूळ गोष्ट तशीच राहिली. यादी बदलली नाही तर जोडलेला लेअरही कॅशमध्येच राहतो, थोरल्यावर थोरल्याचा, धाकट्यावर धाकट्याचा. शुक्रवारी बसलो तेव्हा समोर बरंच काही आलं.

कॅश पूर्ण बंद करायची, हा सगळ्यात सरळ मार्ग. पण चार मिनिटांचा बिल्ड चौदा मिनिटांवर जात होता, त्यातला मोठा वाटा लिब्रेऑफिसचा. शिवाय दहा वाजताचा बिल्ड आणि चार वाजताचा बिल्ड वेगळा निघू शकतो, ते वेगळंच.

ऑफिसात ॲप्ट-कॅशर-एनजी बसवायचं, म्हणजे डेब फाइली एकदाच उतरतील आणि ३१४२ पोर्टवरून सगळ्यांना मिळतील. वेग आला असता. पण मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. जुन्या फाइली मधल्या कपाटात सापडल्याने ४०४ कमी दिसला असता आणि मूळ रोग आणखी वर्षभर झाकून राहिला असता.

एकाने अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सचा आग्रह धरला. लहान, सुटसुटीत वगैरे. तिथेही जुन्या आवृत्त्या भांडारात राहत नाहीत, आणि ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असल्याने पायथनच्या काही तयार व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) चालत नाहीत, मग कंपाइल करत बसा. दुसरा एक जण निक्स या वेगळ्या पॅकेज व्यवस्थेच्या प्रेमात होता. त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. पण मार्च एंड सहा आठवड्यांवर असताना टीमला नवी भाषा शिकवायची कोणाची तयारी नव्हती.

राहिला तो आवृत्त्या गोठवण्याचा पर्याय. प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे बरोबर-चिन्ह आणि नेमकी आवृत्ती. आमच्याकडे हॅडोलिंट (डॉकरफाइल तपासून चुका दाखवणारा लिंटर) चालायचा, आणि त्याचा डीएल३००८ हा नियम नेमकं हेच सांगतो, की ॲप्टच्या पॅकेजांच्या आवृत्त्या पिन करा. ती पिवळी सूचना आम्ही वर्षभर दडपून ठेवली होती. आता तिचं ऐकायचं ठरलं. शिस्त वाटली. मीही हात वर केला.

पहिला निर्णय आणि तो का फसला

वीस-बावीस ओळी पिन केल्या. तीन-चार आठवडे छान गेले. मग एका सकाळी दोन्ही रनर एकदम लाल, या वेळी रीरनचाही उपयोग नाही. एका पॅकेजची अमुक आवृत्ती सापडली नाही, असा ॲप्टचा निरोप. त्या पॅकेजला सुरक्षा दुरुस्ती आली होती आणि आम्ही गोठवलेली आवृत्ती भांडारातून गेली होती.

हे फसणारच होतं. पिप किंवा एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं साधन) आवृत्ती गोठवता येते कारण तिथल्या भांडारात जुन्या आवृत्त्या सहसा राहतात, शिवाय नेमक्या आवृत्त्यांची लॉक फाइल ठेवता येते, तिच्यात प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. डेबियनचं चालू भांडार तसं नाही. तिथे एका पॅकेजची बहुतेक वेळा एकच चालू आवृत्ती. आणि आम्ही पिन केलेली वीस-बावीस नावं वरवरची. त्यांच्यामागून ओढून येणारी शेकडो पॅकेजं मोकळीच होती. म्हणजे बिल्ड मोडायची शक्यता पूर्ण, आणि इमेज तीच निघेल याची हमी शून्य. लिंटरचा नियम पाळल्याचं समाधान तेवढं मिळालं.

मोडलं की आम्ही काय करायचो? नवी आवृत्ती शोधायची, आकडा बदलायचा, पुढे जायचं. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा कोणी बदल वाचलासुद्धा नाही, नुसतं मंजूर केलं.

मार्च एंडचा फोन

२९ मार्च २०२४ चा शुक्रवार. पतसंस्थांचं मार्च एंड म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) बसवल्याचं जाहीर केलं. बाधित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत पोचल्या होत्या, स्टेबलमध्ये नाही. तेव्हाची स्टेबल म्हणजे बुकवर्म, आणि तिच्यात ५.४.१ आहे.

एका मोठ्या संस्थेच्या संगणक विभागाच्या साहेबांचा सोमवारी फोन आला. प्रश्न साधा: आमच्याकडे चालतंय त्या इमेजमध्ये एक्सझेडची कोणती आवृत्ती आहे? उत्तर मला शंभर टक्के माहीत होतं, बुकवर्म आहे म्हणजे धोका नाही. पण त्यांना अंदाज नको होता, कागद हवा होता. आणि 'गेल्या तीन महिन्यांत तुम्ही दिलेल्या प्रत्येक इमेजमध्ये काय होतं' याचा कागद आमच्याकडे नव्हता. इमेजी एकेक करून उतरवल्या, प्रत्येकीत यादी काढली, एक्सेलमध्ये भरली. अर्धा दिवस गेला. दोन जुन्या इमेजी रजिस्ट्रीतून, म्हणजे इमेजी साठवायच्या जागेतून, पुसल्याही गेल्या होत्या. त्या पुन्हा बनवून दाखवा म्हणाले असते तर बनवताच आल्या नसत्या.

त्या अर्ध्या दिवसाने जे केलं ते ४०४ ला जमलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रश्नच बदलला. पॅकेजची कोणती आवृत्ती हवी हे विचारणं सोडलं, आणि डेबियनचं भांडार कोणत्या दिवशीचं हवं हे विचारायला लागलो.

काय केलं

स्नॅपशॉट-डॉट-डेबियन-डॉट-ऑर्ग या सर्व्हरवर डेबियनच्या भांडाराची वेळोवेळी घेतलेली पूर्ण प्रत राहते, तारीख आणि वेळेच्या पत्त्यासकट. गंमत म्हणजे डेबियनच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये ॲप्टच्या स्रोतांची जी फाइल असते तिच्यात स्नॅपशॉटचा पत्ता टिप्पणी म्हणून लिहिलेलाच असतो. ती इमेजसुद्धा तशीच बनलेली असते. ती फाइल मी कितीतरी वेळा उघडली होती. टिप्पणी कोण वाचतो!

मग दोन भाग केले. ॲप्टचं सगळं काम एका वेगळ्या बेस इमेजमध्ये नेलं, तिचा वेगळा रेपो. दर सोमवारी पहाटे ती बनते. तारीख बाहेरून दिली जाते, मुख्य आणि सुरक्षा अशी दोन्ही भांडारं त्याच तारखेच्या स्नॅपशॉटकडे वळवली जातात. जुन्या स्नॅपशॉटच्या याद्यांची मुदत संपलेली असते, म्हणून मुदत तपासणी त्या स्रोतांपुरती बंद ठेवावी लागते. अपडेट, इन्स्टॉल आणि याद्यांची साफसफाई एकाच 'रन'मध्ये. साफसफाई पुढच्या ओळीत केली तर इमेज एक बाइटही कमी होत नाही, कारण आधीचा लेअर लिहून झालेला असतो. शेवटी डीपीकेजीची पूर्ण यादी एका फाइलीत काढून ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट होते.

ॲप्लिकेशनच्या डॉकरफाइलमध्ये ॲप्ट हा शब्दच उरला नाही. 'फ्रॉम'मध्ये, म्हणजे बेस इमेज कोणती ते सांगणाऱ्या ओळीत, तिचा एसएचए२५६ डायजेस्ट (नेमकी तीच इमेज ओळखणारा ठसा). बेस बदलायची तर तो डायजेस्ट बदलणारी मर्ज रिक्वेस्ट (बदल तपासून मंजूर करण्याची विनंती) येते, आणि तिच्यासोबत याद्यांमधला फरक दिसतो: ही सात पॅकेजं हललीत, ही अशी. त्यामुळे सोमवारी चहा घेता घेता ती वाचता येते. एक्सझेडसारखी बातमी आली तर सोमवारची वाट न पाहता त्या दिवसाची तारीख देऊन हाताने चालवायचं.

एक अडथळा सांगण्यासारखा. कोणीतरी सुरक्षेच्या चांगल्या हेतूने स्नॅपशॉटच्या पत्त्यात एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं आणि बिल्ड पडला. सिस्टिमवर प्रमाणपत्रंच नाहीत, सीए-सर्टिफिकेट्स बसवा, असं ॲप्ट म्हणाला. स्लिम इमेजमध्ये ते पॅकेज नसतं, आणि ते बसवायला आधी ॲप्ट चालायला हवा. आधी कोंबडी की आधी अंडं. आम्ही एचटीटीपी परत आणलं. ॲप्ट भांडाराची यादी डेबियनच्या सहीने पडताळतो आणि प्रत्येक फाइल त्या यादीतल्या हॅशशी ताडून पाहतो, त्यामुळे वाटेत कोणी फाइल बदलली तर ती पकडली जाते. हे त्या मर्ज रिक्वेस्टमध्ये मला तीन वेळा समजावून सांगावं लागलं.

परिणाम, आणि एक डबा

दोन्ही रनरवरची इमेज आता पॅकेजांच्या बाबतीत सारखी निघते. ॲप्लिकेशनचा बिल्ड चार मिनिटांच्या आत आला. ४०४ पुन्हा दिसला नाही. कोणत्या तारखेच्या इमेजमध्ये काय होतं, हे गिटमध्ये एका शोधात कळतं.

पण बेस इमेज नव्याने लिहिताना मी आणखी एक काम उरकून घेतलं. शिफारस केलेली पॅकेजं बसवू नका, हा ॲप्टचा पर्याय लावला. इमेज चांगलीच हलकी झाली, सगळ्या चाचण्या हिरव्या. चौथ्या दिवशी एका शाखेतून व्हॉट्सॲपवर फोटो आला. ठेव पावती. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, आणि खातेदाराच्या नावाच्या जागी ओळीने रिकामे चौकोन. खाली मजकूर: "साहेब, नावाच्या जागी डबे आलेत."

देवनागरीचे फॉन्ट आम्ही कधी मागितलेच नव्हते. लिब्रेऑफिसच्या मुख्य पॅकेजच्या शिफारशींमध्ये नोटोचे फॉन्ट होते, ते इतके दिवस न बोलावता येत होते. शिफारशी बंद केल्या, ते गेले. मागे राहिलेल्या देजावूमध्ये देवनागरी नाही. आमची चाचणी पीडीएफ तयार झालं का आणि पानं किती एवढंच बघायची. डब्यांचं पीडीएफसुद्धा दोन पानांचंच असतं.

'फॉन्ट्स-नोटो-कोअर' हे नाव यादीत स्पष्ट लिहिलं. आणि त्याच मुलीने एक चाचणी जोडली: नमुना पावती बनवायची, तिच्यावर पीडीएफ-फॉन्ट्स ही आज्ञा चालवायची आणि आत नोटो सान्स देवनागरी आहे की नाही ते पाहायचं. ही आज्ञा पॉपलर-यूटिल्समध्ये येते. ज्याच्यासाठी फेब्रुवारीत पाइपलाइन लाल झाली होती, तेच पॅकेज.

आता केलं असतं तर

शिफारशी बंद करणं हा स्वतंत्र बदल ठेवला असता, वेगळ्या सोमवारी. स्नॅपशॉटवर जाण्यात कोणतंही पॅकेज कमी होणार नव्हतं. मी दोन्ही एकत्र केलं, म्हणून याद्यांमधला पहिला फरक शेकडो ओळींचा आला आणि त्यात फॉन्टची ओळ कोणाच्या नजरेला पडली नाही. शिवाय बंद करण्याआधी शिफारशींची नावं एकदा वाचायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम होतं.

पिन करण्याचा निर्णय मार्चमध्ये पहिल्यांदा मोडला तेव्हाच मागे घ्यायला हवा होता. पहिल्या वेळी ती दुरुस्ती वाटली, तिसऱ्या वेळी सवय झाली होती.

धाकट्याच्या क्रॉनबद्दल अजून दोन मतं आहेत. एक गट म्हणतो तो काढा, आता गरज नाही. मला वाटतं उलट तो थोरल्यावरही लावावा, म्हणजे कॅशवर कोणी फार दिवस विसंबणार नाही. बेस इमेजची सोमवारची मर्ज रिक्वेस्ट कोणी वाचायची, हेही अजून नक्की नाही. सध्या ती तीच मुलगी वाचते. ती दिवाळीला गावी गेली तेव्हा दोन सोमवारच्या रिक्वेस्टी तशाच पडून होत्या.